काळ्या पार्श्वभूमीमागचा हौद

माझ्या ज्या फोटोचं आजवर सगळ्यात जास्त कौतुक झालं, तो एका टाचणीचा आहे. पिवळीधमक टाचणी, अळूचं देठ सहा पायांनी कवटाळून बसलेली. डोळ्याचा हिरवट गोळा इतका स्पष्ट की त्यातली जाळी मोजत बसावी. आणि मागे काळा रंग. साधा गडद नव्हे, ठार काळा, कुठे ठिपकाही नाही. एका मित्राने तो मोठा छापून पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लावलाय. "स्टुडिओत काढल्यासारखा वाटतो ना?" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो. ही स्तुती आहे असं मलाही बरेच दिवस वाटत होतं.

फोटो दुपारी पावणेबाराचा आहे. ऑगस्ट महिना, सुप्यातलं आमचं घर, घरामागे मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू आणि त्याला लागून सिमेंटचा जुना हौद. फोटोत जिथे काळं दिसतं तिथे प्रत्यक्षात हौदाची शेवाळलेली भिंत होती, निळा ड्रम होता आणि कपडे पिळणारी आई होती. "दोन मिनिटं हलू नको," असं मी तिला सांगितलं होतं. ती फोटोत यायचा प्रश्नच नव्हता. तिच्या हालचालीने टाचणी उडाली असती, एवढंच.

हा लेख त्या फोटोविरुद्ध आहे. एकट्या त्याच्याच नाही, तो ज्या जातकुळीचा आहे त्या सगळ्या फोटोंविरुद्ध.

आधी थोडी ओळख. चतुर सगळ्यांना माहीत असतो. लहानपणी त्याच्या शेपटीला दोरा बांधून उडवण्याचं पाप आपल्यापैकी बऱ्याच जणांनी केलंय. टाचणी ही त्याच्याच गणातली, पण काडीसारखी बारीक. डोळे डोक्याच्या दोन टोकांना एकमेकांपासून लांब, आणि बसल्यावर बहुतेक टाचण्या पंख पाठीवर मिटून घेतात. माझ्या फोटोतली ती सेरिॲग्रिऑन कोरोमंडेलिॲनम. डबकी, विहिरी, बागेतली लिलीची कुंडी, कुठेही सापडणारी, देशभर अगदी सामान्य. आणि आमचं सुपा म्हणजे पारनेर तालुक्यातलं, पुणे-नगर रस्त्यावरचं, एमआयडीसीचं. बारामतीकडचं, चिंकारा अभयारण्याजवळचं सुपे वेगळं. (हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं.) आमच्याकडे पाहण्यासारखं म्हणजे कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या आणि पाण्याच्या टँकरमागची धूळ. तालुका अवर्षणप्रवण. टाचणीचं अर्ध्याहून जास्त आयुष्य पाण्याखाली जातं. तेव्हा आमच्या परसात ती दिसते याचा अर्थ कुणीतरी तिथे पाणी साठवलंय, इतका सरळ आहे.

आता तो काळा रंग. पुष्कळांना वाटतं मागे काळा कागद धरला असेल, किंवा फोटो रात्रीचा असेल. तसं काही नसतं. एकास एक मोठेपणाने फोटो घेताना एफ आठला फोकसमधली जाडी एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. म्हणून छिद्र बारीक करायचं, एफ अकरा, एफ सोळा. मग उजेड पुरत नाही, म्हणून फ्लॅश. माझ्या फ्लॅशवर चिप्सच्या डब्याचा घरगुती डिफ्यूजर आहे आणि तो टाचणीपासून साधारण दहा सेंटिमीटरवर असतो. हौदाची भिंत फ्लॅशपासून साठ सेंटिमीटरवर. अंतर सहापट, म्हणजे भिंतीवर पडणारा उजेड छत्तीसपट कमी. ऊन एवढ्या बारीक छिद्रातून आणि एक दोनशेअंश सेकंदात जवळपास मोजलंच जात नाही. झाली रात्र.

गणित म्हणून हे मला अजूनही आवडतं. पण ह्यातून जे चित्र तयार होतं त्याचा अर्थ काय होतो? टाचणी हा उन्हाचा प्राणी आहे. ढग आला की ती पानाआड जाऊन बसते, ऊन पडलं की पुन्हा पाण्यावर. तिला आपण अमावास्येत नेऊन बसवतो आणि ह्या खोट्या रात्रीला 'क्लीन बॅकग्राउंड' म्हणतो. घाण काय होती? हौद.

दुसरी गोष्ट, तिची बसायची दिशा. टाचण्यांचे दहा फोटो शेजारी ठेवा. आठ तरी डावीकडून किंवा उजवीकडून काटकोनात काढलेले असतील, पासपोर्टच्या फोटोसारखे. ही काही कुणाची सौंदर्यदृष्टी नाही. एक मिलिमीटरच्या फोकसमध्ये आख्खं अंग बसवायचं तर कॅमेरा अंगाला समांतर धरावा लागतो, बस. लेन्सची अडचण हळूहळू शैली होते आणि मग शैलीचे परीक्षक तयार होतात. ज्याचं शेपूट फोकसबाहेर गेलं त्याला गुण कमी.

अर्थात बरेच जण शेपटाचीही फिकीर करत नाहीत, कारण डोळा स्पष्ट आला की फोटो पास. हा नियम माणसांच्या, वाघा-बिबट्यांच्या फोटोंतून आलेला आहे. आपण डोळ्यात डोळा घालून ओळख करून घेणारे प्राणी. टाचणीची ओळख मात्र दुसऱ्या टोकाला असते. एफ. सी. फ्रेझर हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला सर्जन. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतले चतुर-टाचण्यांचे त्याचे तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ साली आले. त्यांतल्या रेखाटनांत तो पुन्हा पुन्हा कुठे जातो, तर नराच्या पोटाच्या टोकाला असलेल्या चिमट्यांकडे. वरून, बाजूने, नुसत्या रेषेत. कारण सारख्या दिसणाऱ्या दोन जाती तिथे वेगळ्या होतात. ती रेखाटनं सुंदर आहेत असं मी म्हणणार नाही. कुणी भिंतीवर लावणार नाही. पण काय बघायचं ते त्या माणसाला ठाऊक होतं. माझ्या पहिल्या वर्षाच्या फोटोंपैकी निम्म्यांना आज मी खात्रीने नाव देऊ शकत नाही. डोळे मात्र सगळ्यांचे झकास आलेत.

दव हे ह्या प्रकारातलं सोनं. पहाटे जायचं, टाचणी गारठलेली असते, उडू शकत नाही, अंगावर थेंब. ते फोटो खरोखर देखणे असतात आणि खरेही असतात, जोवर दव खरं आहे. एका कार्यशाळेत मला सल्ला मिळाला होता की किडा दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला की शांत बसतो. ते मी केलं नाही. पण इस्त्रीच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली वापरून दव मात्र पाडलंय, तेही मे महिन्यात. सुप्यात, मेमध्ये, दव! फोटो पाहणाऱ्यांपैकी एकानेही विचारलं नाही की बाबा रे, हे कुठलं गाव. विचारणार कसं, फोटोत गाव नव्हतंच.

आणि बदाम. टाचण्यांचं मीलन होताना नर पोटाच्या टोकाने मादीला मानेमागे धरतो आणि मादी आपलं पोट वळवून नराच्या पोटाच्या बुडाशी नेते. दोघांचा मिळून बदामाचा आकार होतो. ह्या फोटोखाली 'प्रेम' असं लिहिण्याचा मोह आजवर कुणाला आवरलेला नाही. माझ्याकडेही असा एक आहे, तारीख फेब्रुवारीतली. जोनाथन वागे ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७९ साली दाखवून दिलं की एका जातीच्या टाचणीत नराचं इंद्रिय आधी मादीच्या शरीरातलं आधीच्या नराचं वीर्य खरवडून बाहेर काढतं आणि मग स्वतःचं सोडतं. पुढे टाचण्यांच्या बऱ्याच जातींत हे दिसून आलं. बदाम दिसतो तेवढ्या वेळात आत हे चाललेलं असतं. मी नीतीबद्दल बोलत नाहीये, टाचणीला नीती कसली. माझं म्हणणं एवढंच की ही गोष्ट त्या 'प्रेमा'पेक्षा कितीतरी जास्त विलक्षण आहे, आणि फोटो ती सांगायची सोडून शुभेच्छापत्र होऊन बसतो.

कुणी म्हणेल, फोटो म्हणजे काय प्राणिशास्त्राचं जर्नल आहे का? नाही. पार्श्वभूमी काढून टाकणं हा काही मुळात गुन्हा नाही. कार्ल ब्लॉसफेल्टने १९२८ सालच्या आपल्या पुस्तकात झाडांच्या कोंबांचे, देठांचे, कळ्यांचे पुष्कळ मोठे केलेले फोटो सपाट, कोऱ्या पार्श्वभूमीवर दिले. तो नक्षीकाम शिकवणारा शिक्षक होता. त्याला विद्यार्थ्यांना आकार दाखवायचे होते, झाड नव्हे. लेव्हन बिस ह्या ब्रिटिश छायाचित्रकाराचं 'मायक्रोस्कल्प्चर' हे प्रदर्शन २०१६ साली ऑक्सफर्डच्या निसर्गेतिहास संग्रहालयात लागलं. एकेका कीटकासाठी आठ-दहा हजार फोटो जोडलेले. पण ते कीटक संग्रहालयातले, मेलेले, टोचून ठेवलेले होते आणि ते तसं सांगितलेलं होतं. तिथे काळी पार्श्वभूमी प्रामाणिक आहे, कारण त्या कीटकांच्या मागे आता काहीच उरलेलं नाही. आम्ही परसातले छायाचित्रकार करतो ते असं, की मेलेल्या किड्याची शैली जिवंत किड्यावर चढवतो.

ह्या उलट मारिया सिबिला मेरियन. १७०५ साली आलेल्या तिच्या सुरिनामच्या पुस्तकात अळी, कोष, फुलपाखरू आणि ते ज्या झाडावर वाढतं ते झाड एकाच पानावर आहे. कुरतडलेल्या पानांसकट. तीनशेहून जास्त वर्षं झाली. तिच्याकडे लेन्स नव्हती म्हणून तिला हे जमलं, असा विनोद मी एकदा केला होता. आता तो तितकासा विनोद वाटत नाही.

मॅक्रोने मला काहीच दिलं नाही असं मात्र नाही. टाचणीच्या पायांवर काट्यांची रांग असते आणि उडताना पायांची टोपली करून ती बारीक माश्या पकडते, हे मी फोटो मोठा करूनच पाहिलं. तसंच ते लाल मणी. काही टाचण्यांच्या छातीखाली मोहरीपेक्षा बारीक, गोल, लालभडक असं काहीतरी चिकटलेलं दिसायचं. मला वाटलं डाग आहेत. फोटो साफ करायच्या साधनाने मी ते पुसून टाकायचो, एकेक ठिपका, रात्री ऑफिसचं काम संपल्यावर. आठ-दहा फोटोंतून तरी पुसले असतील. नंतर कळलं की त्या पाणकोळ्यांच्या, म्हणजे पाण्यातल्या माइटच्या अळ्या आहेत. टाचणी पाण्यात असतानाच त्या तिला गाठतात, ती कात टाकून पंख घेऊन बाहेर आली की नव्या अंगावर चढतात, तिचं रक्त पितात आणि ती पुन्हा पाण्यावर आली की गळून पाण्यात पडतात. म्हणजे तो लाल ठिपका ही पाण्याची पावती होती. मी एकदा फ्लॅशने हौद घालवला होता आणि दुसऱ्यांदा माउसने.

आता हे सगळं मला का टोचायला लागलं ते सांगतो. गेल्या वर्षी सप्टेंबरात आमच्या गल्लीत एका पोराला डेंगू झाला. आरोग्यसेविका घरोघर फिरून गेल्या; आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, साठवलेलं पाणी उपसा. डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची मजल आठ-दहा दिवसांत होते, त्यामुळे सांगणं बरोबरच होतं. टाचणीच्या पिल्लाला पाण्यात कित्येक आठवडे लागतात, आणि ते डासांच्या अळ्या खातं, हेही बरोबर होतं. मी आईला हे समजावायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "उद्या तुलाच ताप आला तर तुझ्या टाचण्या सलाइन लावणारेत का?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. हौदाला कोपऱ्यात भेगही गेली होती. रविवारी उपसायचा असं ठरलं. "तुला काय ठेवायचं ते आधी काढून घे," एवढी सवलत मिळाली.

हौदात काय काय होतं: कुंडीतली एक लिली, पाण्याखालचं शेवाळ, काठावरून आत वाकलेलं अळू, पडलेली पानं, काटक्या. टाचणीची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. झाडाच्या पेशींत टोचून, आत ठेवते. पिवळ्या टाचणीत नर तेव्हाही मादीला धरून असतो, तिच्या मानेवर उभा, सरळ, हवेत. नागपूरला हिस्लॉप कॉलेजात आर. जे. अँड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या ह्याच टाचणीच्या अशा वागण्यावर काम केलेलं आहे. तेव्हा प्रश्न सोपा होता: आमच्या हौदात त्या अंडी कशात घालतात? जे असेल ते बादलीत ठेवायचं.

शनिवारी रात्री मी दोन वर्षांचे फोटो काढून बसलो. तेवीसशेच्या वर होते. प्रत्येकाबरोबर वेळ, शटर, छिद्र, आयएसओ, सगळी नोंद. जोड्यांचे शंभरेक तरी असतील. आणि एकातही जोडी कशावर बसली आहे ते धड कळत नव्हतं. देठाचा दोन सेंटिमीटरचा तुकडा, त्यापलीकडे काळं. किंवा मखमली हिरवं. मी रोज लॉगमधून चुका शोधण्याचं काम करतो. ज्या लॉगमध्ये चूक कुठे झाली तेवढं सोडून सगळं लिहिलंय असा लॉग कुणी दिला तर मी त्याला काय म्हणेन, ते मला माहीत आहे.

शेवटी अंदाजाने लिलीची कुंडी काढली आणि अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये ठेवली, वर जाळी बांधली. लिलीची पानं दिसायला छान होती, दुसरं कारण नाही. बाकीचा कचरा रविवारी सकाळी मीच घमेल्यात भरून बाहेर टाकला. पाणी तळाला आल्यावर गाळात पिल्लं दिसली, काडीएवढी, शेपटाला तीन पानांसारखे कल्ले असलेली. चहाच्या गाळणीने अकरा पकडली.

त्यानंतर आठवड्याभराने आईच्या फोनमध्ये एक फोटो सापडला. हौदाची भेग दाखवायला तिने तो मिस्त्रींना पाठवला होता, उपसायच्या तीन दिवस आधी. ह्या फोटोचं परीक्षण करायचं तर: डाव्या कोपऱ्यात तिचं बोट आलंय. क्षितिज वाकडं. वरती ऊन इतकं की भिंत पांढरी पडलीय, निळा ड्रम अर्धा कापलेला, दोरीवर माझा टीशर्ट. मधोमध भेग, कारण विषय तोच. आणि भेगेच्या डावीकडे, पाण्यावर तरंगणारं अळूचं एक कुजकं, तपकिरी देठ. त्यावर एक पिवळी रेघ आडवी आणि तिच्या डोक्यावर दुसरी उभी. नर टाचणीसारखाच रोवलेला. मादीचं पोट देठाकडे वाकलेलं.

ते देठ मी पहिल्याच घमेल्यात टाकलं होतं.

फोनचा सेन्सर नखाएवढा असतो, म्हणून त्यात जवळचं-लांबचं बरंचसं फोकसमध्ये येतं. स्वस्त फोनबद्दल आम्हा मंडळींची हीच तक्रार असते, की सगळंच दिसतं. म्हणून माझ्याच व्यवसायातल्या लोकांनी 'पोर्ट्रेट मोड' लिहिला, जो मागचं ओळखून ते मुद्दाम धूसर करतो. टाचणीवर तो चालवून पाहा. पाय आणि पंख तो पार्श्वभूमीत जमा करतो. सुदैवाने आईला तो कुठे असतो हे माहीत नाही.

पियोत्र नास्क्रेत्स्की ह्या कीटकशास्त्रज्ञाच्या २००५ सालच्या 'द स्मॉलर मेजॉरिटी' ह्या पुस्तकात रुंद कोनाच्या लेन्सने काढलेले काही फोटो आहेत. किडा अगदी जवळ, मोठा, आणि त्याच्यामागे त्याचं आख्खं रान दिसतंय. हे करता येतं, म्हणजे भांडण लेन्सशी नाही. हल्ली मी तसा प्रयत्न करतो. लेन्स टाचणीपासून चार बोटांवर न्यावी लागते आणि ती बहुतेक वेळा उडून जाते. मग हौदाचा फोटो येतो, टाचणीशिवाय. असे बरेच जमलेत. त्यांना मी पुसत नाही.

ड्रममधल्या लिलीतून काय निघालं ते सांगता येत नाही. अकरांपैकी काही पिल्लं नक्की उडाली, कारण ऑक्टोबरात जाळीला आतून त्यांच्या चार रिकाम्या काती चिकटलेल्या होत्या. हौद कोरडाच आहे. मिस्त्री "उद्या येतो" म्हणालेत, त्याला आता दोन महिने झाले.

मित्राला हॉलमधल्या फोटोशेजारी लावायला नवा फोटो हवा होता. मी आईचा पाठवला. त्याने विचारलं, ह्यात बघायचं काय? मी लिहिलं, भेगेच्या डावीकडे, बोटाच्या जरा वर. त्याला सापडायला चार मिनिटं लागली. मग त्याने विचारलं की हे मागे निळं काय आहे, आणि हा हौद कुठला.